दाराबाहेरचा दुभाषा

दाऊदचाचा गेल्याचं मला मस्कतमध्ये कळलं. ज्या म्हाताऱ्या बाईंना मी सांभाळते, त्यांना दुपारचं भरवत होते. धाकट्या भावाचा फोन आला, "बुबू, चाचा गेले… झोपेतच." बाईंनी तोंड उघडलेलं होतं, म्हणून आधी त्यांना भरवलं. रजा मिळाली नाही. खरं तर मागितलीच नाही, नोकरी जाईल ही भीती मला कायम असते. आता महिना उलटून गेला. माझी शाळा आठवीत सुटली, लिहिण्याची सवय नाही, काही चुकलं तर संभाळून घ्यावं… पण चाचांवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमचं गाव. चाचा उमरभर परदेशी जहाजांवर स्वयंपाकी होते, त्यामुळे गावातलं इंग्रजी काय ते त्यांच्याकडे. चाची वारल्यावर मी त्यांच्याकडे भाकरी-कालवण करायला जायचे, तर मीठसुद्धा ते माझ्याकडे इंग्रजीत मागायचे, ऐकून ऐकून मलाही थोडं यायला लागलं. दर थंडीत परदेशातल्या एका विद्यापीठाची मुलं आमच्याकडे येऊन राहायची. कुणी नर्सिंग शिकणारी, कुणी दातांचं शिकणारा, एकजण इंजिनीअर, तो विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचा. सोबतचे आपल्याकडचे डॉक्टर शाळेत बसायचे आणि मुलं घरोघर हिंडायची. त्यांचे दुभाषे चाचा. तेवढ्या दिवसांत ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, बूटही. बायकांची विचारपूस सुरू झाली की मात्र ते अदबीनं ओट्यावर जायचे, दाराकडे पाठ करून बसायचे आणि तिथूनच तर्जुमा करायचे. कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज खणखणीत. "सकीना, पोट साफ होतं का, विचारतेय ही!" हे मशिदीपर्यंत ऐकू जायचं. मग काय, सगळ्या मोहल्ल्यातल्या बायकांना एकच दुखणं, गुडघे. नर्सिंगची हॅना बिचारी गुडघे लिहून लिहून बुचकळ्यात पडली होती.

आमच्या घरी आली तेव्हा अम्मानंही गुडघेच सांगितले. मला माहीत होतं काय ते. एका न्हाणीत सगळ्यांचं धुणं, कपडे लपत नाहीत. अम्मानं लग्नाकार्याला जाणं सोडलं होतं, कुराणख्वानीला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी बसून कुराणाचे सिपारे वाचतात तिथेही, जाणं सोडलं होतं. चाचींच्या वेळी तर ती दारातूनच परतली होती, आणि चाचांनी ते पाहिलं होतं. हॅना आली त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी गुडघ्यांचं इंग्रजी केलं नाही. उठून उंबऱ्याशी आले, पाठ आमच्याकडेच, आणि हॅनाला म्हणाले की माझं इंग्रजी जहाजावरचं, बायकांच्या दुखण्याचे शब्द त्यात नाहीत, ही पोरगी सांगेल. मग मला, "दार लाव. अडलं तर हातानं दाखव. मी इथं हाय, कुणाला येऊ देत नाय."

मी दार लावलं. अम्मा म्हणाली, "तिला नको सांगूस." मी म्हटलं, "मग कुणाला सांगू?" तशी ती खाली बघून बोलायला लागली. अंग बाहेर येतं, लघवी थांबत नाही, वजू टिकत नाही, म्हणून नमाजही सुटली. वजूचं इंग्रजी मला कुठलं येणार? हात-तोंड धुऊन दाखवलं, मग ते सगळं फुकट गेल्यासारखा हात झटकला. हॅनाला कळलं. तिनं डॉक्टरांना गाठलं, त्यांनी लेडी डॉक्टर बघून दिली आणि अम्माचं ऑपरेशन अलिबागला झालं. त्यानंतर घरोघर मीच आत जायला लागले. गुडघे एकदम कमी झाले मोहल्ल्यातले. नाक्यावर माणसं चाचांना छेडायची, "काय चाचा, पोरीनं नोकरी खाल्ली तुमची?" "प्रमोशन हाय," ते म्हणायचे, "आता मी मॅनेजर." पण बूट घालणं त्यांनी सोडलं, ते मला दिसत होतं.

त्याच कामाच्या ओळखीवर मला पुढे इथली नोकरी लागली. निघताना विचारलं, "चाचा, खरंच ते शब्द येत नव्हते तुम्हांला?" हसले. "अगं, खलाशांकडून ऐकलेले सगळे येतात… तुझ्यासमोर काढण्यासारखे नायत." मग म्हणाले, "पण माझ्या तोंडून ते कुठली बाई ऐकून घेणार होती?"

इथे डॉक्टर आले की त्यांना आत घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला मी आधी बाहेर पाठवते, दार लावते, मगच बाईंना विचारते.

हे लिहू का, म्हणून अम्माला विचारलं. म्हणाली, "लिही. आता कसली लाज?" चाचांच्या घरी त्यांची कुराणख्वानी झाली, त्या दिवशी तिनंच फोन केला होता. रडत नव्हती. "सगळ्यांच्या आधी जाऊन बसले," म्हणाली. "अख्खा सिपारा वाचला तुझ्या चाचांच्या नावानं… मधी एकदापण उठावं लागलं नाय."