पातेल्यावरची दोन नावं

त्या एप्रिलमध्ये मला शेजारच्या आजींचा फार राग यायचा. बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. दर शनिवारी अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत बसून त्या आपले इंग्लंडमधले पूर्वज शोधायच्या आणि त्यांना ते सापडायचे, एवढंच. मला माझी सख्खी, जिवंत आई कागदावर सापडत नव्हती.

आईला इकडे आणायचं होतं. ती विसरायला लागली होती. आधी गॅस बंद करायचा, मग वार, मग घरचा रस्ता. तिच्या धाकट्या बहिणीनं, माझ्या मावशीनं, तिला आपल्या घरी नेलं होतं, पण मावशीचेच गुडघे गेलेले. फोनवर ती म्हणायची, "लवकर कर गं. अजून तुझं नाव काढते ती. पुढचं मला सांगता येत नाही." मी इथली नागरिक, आईची एकुलती एक. अर्ज केला की झालं, असं मला वाटलं होतं. तर इमिग्रेशनचं पत्र आलं: जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई एकच असल्याचा पुरावा द्या.

कागदावर ती एक नव्हतीच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझा जन्म आजोळचा. आजोबा ग्रामपंचायतीत गेले आणि आईच्या नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतः ठेवलेलं नाव सांगून आले. ते एका नदीचं नाव होतं. पण लग्नातच ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहून सासरच्यांनी तिला एका देवीचं नाव दिलेलं. पासपोर्ट, रेशनकार्ड, बँक, सगळीकडे देवी. माझ्या दाखल्यावर तेवढी नदी. आजोबांना तरी काय बोलणार? कुठला बाप मुलीला तिच्या सासरच्या नावानं हाक मारतो?

लग्न सरकारदरबारी नोंदवलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेत फक्त जुनं नाव, कारण पत्रिका छापतात तेव्हा नवं ठरायचं असतं. माझ्या लग्नात मी नाव बदलायला साफ नकार दिला होता, तर आईच आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता हे मी कुणाला ऐकवू? वकीलबाई म्हणाली, डीएनए टेस्ट करता येईल, पण ती इमिग्रेशनवाल्यांच्या सवडीनं होणार. आईकडे सवड नव्हती.

पुरावा द्यायची मुदत संपत आली होती. एका शनिवारी मी लायब्ररीत प्रिंट काढायला गेले, तर आजींनी हाक मारली. स्क्रीनवर एका इंग्लिश खेड्यातल्या चर्चचं रजिस्टर होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे फक्त तीन गोष्टी लिहिलेल्या: बाप्तिस्मा कुणाचा, लग्न कुणाचं, मूठमाती कुणाला. आजींच्या घराण्यात बहुतेक शेतमजूर, एक लोहार आणि चर्चची घंटा वाजवणारा एक जण. एका लग्नाच्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. "हिला लिहिता येत नव्हतं बघ." सहीच्या जागी फुली होती आणि फुलीशेजारी कारकुनानं लिहिलेलं तिचं नाव. तेच नाव बाप्तिस्म्याच्या पानावर. तेच तिच्या आठही मुलांच्या नोंदींत. तेच शेवटच्या पानावर. आडनाव तेवढं बदललेलं.

मला रडूच फुटलं. एका निरक्षर शेतमजुराच्या बायकोचा मला हेवा वाटला. आजींना मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "हिचं पहिलं नावच बदललं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तर मी दोन बायका समजले असते. एकीचं लग्नानंतर काय झालं ते कळलं नसतं आणि दुसरी आली कुठून, तेही." मग म्हणाल्या, "दोन्ही नावं एकत्र कुठेतरी असतील. कागदच हवा असं नाही. मी एक बाई थडग्यावर कोरलेल्या अक्षरांवरून शोधली आहे."

कोरलेल्या म्हटल्यावर मला भांडी आठवली. आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात. आजोबांनी आईला दिलेल्या पितळी पातेल्यावर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं जुनं नाव होतं. शेजारीपाजारी गेलं तर हरवू नये म्हणून बाबांच्या आईनं त्याखाली नवं नाव घालून घेतलं होतं. अक्षरं वाचायला लागले तेव्हा मी आईला विचारलं होतं, या दोघी कोण? "दोन्ही मीच गं," असं म्हणून तिनं पातेलं पालथं घातलं होतं.

मावशीनं आईचं बंद घर उघडून ते शोधलं. रविवारी सकाळी तिनं व्हिडिओ कॉल केला. तिकडे संध्याकाळ झालेली. "सापडलं बाई एकदाचं! चिंच लावून घासलंय."

"मावशी, कॅमेऱ्यासमोर धर. मी स्क्रीनशॉट घेते. त्याखाली तुझं ॲफिडेव्हिट जोडू."

आई शेजारीच बसली होती. मावशीनं तिची लहान मुलीसारखी वेणी घातली होती. पातेलं दिसताच आईनं ते मांडीवर ओढलं आणि वरच्या ओळीवरून बोट फिरवत नदीचं नाव वाचलं. किती दिवसांनी ती हसली.

"माझं आहे. बाबांनी आणलंय."

"आणि खालचं नाव कुणाचं?" मावशीनं विचारलं.

आईनं तेही वाचलं, अडखळत. "असेल कुणी बाई. मी नाही ओळखत."

"अगं, फोनमध्ये कोण आहे ते तरी बघ."

मी "आई" म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिनं अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं अगदी अदबीनं माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या नावावर बोट टेकवलं.

"या बाईची मुलगी असेल," ती मावशीला म्हणाली. "तिला सांग, तुझी आई इथे राहत नाही."

मावशीनं तोंडाला पदर लावला. मी स्क्रीनशॉट घेतला आणि वकीलबाईला पाठवला. दोन्ही नावं स्वच्छ वाचता येत होती.