होडीचा खुंटा

माझी छोटी शिडाची होडी बारमाही ठेवायला स्वस्त जागा शोधत मी मुळशी धरणाच्या काठी फिरत होतो, तेव्हा तिथे म्हशी पाळणारे एक शेतकरी भेटले. मी त्यांना मामा म्हणायचो. नाव कधी विचारलंच नाही.

भाड्याचं काढलं तर म्हणाले, "दावनीला येक जनावर वाढलं, त्याचं भाडं कसलं?"

आणि होडीला खरंच म्हशीसारखं वागवलं. काठावर खुंटा ठोकला, दावं बांधलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरे, तसा चार-चार दिवसांनी खुंटा उपटून खाली न्यायचे. होडी कधी कोरडी पडली नाही. मी गेलो की पाण्याकडे बघतच सांगायचे, "बरी हाय. काल वाऱ्यानं जरा बुजली व्हती."

पुढे मला पुण्याजवळ खडकवासल्याला जागा मिळाली. मामा बाजाराला गेले होते त्या दुपारी मी होडी ट्रकवर चढवून नेली. नंतर निरोप धाडू म्हटलं, तोही धाडला नाही.

पुढच्या मे महिन्यात त्या बाजूला गेलो होतो, म्हणून काठावर उतरलो. उतारावर खुंट्याच्या खळग्यांची रांग थेट पाण्यापर्यंत गेली होती. शेवटी, ओल्या मातीत, ताजा ठोकलेला खुंटा. दावं रिकामं.

मामा वरून आले. "व्हडी आनली का, पाव्हनं?"

"नाही, मामा."

त्यांनी मान डोलावली, आणि खुंट्याभोवतीची माती टाचेने आणखी घट्ट दाबली.