धुरपताआजीचं एक वाक्य

ओव्याचा डबा रिकामा करा, घासा, उन्हात पालथा घाला. वास जात नाही. माझ्या कळमनुरीच्या दुकानातल्या गप्पांचंही तसंच झालंय. आता निजामाचं राज्य गेलं, मंडळी पांगली. तरी दुपारी वेखंडाच्या पोत्याला टेकून जरा डोळा लागला की समोरच्या बाकड्यावर ती चौघं येऊन बसतात आणि भांडायला लागतात!

भांडण कशाचं? पुस्तकाचं. सुईणींना शिकवायला एक मराठी पुस्तक लिहायचं होतं. लिहिणारे तिघं, तिघंही शिकवणारे. दवाखान्यातले डॉक्टर हमीदसाहेब कंपाउंडर तयार करायचे, गोविंदबुवा वैद्यांकडे चार विद्यार्थी होते आणि नर्स मार्थाबाई सुईणींचा वर्ग घ्यायच्या. एकमेकांच्या दारी गेलं तर कमीपणा येईल, म्हणून तिघांना माझं दुकान बराबर वाटलं. कागद, शाई आणि काष्ठौषधी एकाच छपराखाली!

चौथी डोंगरकडा गावची धुरपताआजी. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण अर्धा तालुका तिच्या हातावर जन्मलेला. मार्थाबाईंनी नियमच केला होता: लिहिलेलं आजीला वाचून दाखवायचं. तिला कळलं तर ठेवायचं, न्हाई तर खोडायचं.

मी तिघांना तीन शाया दिल्या. डॉक्टरांना निळी, बुवांना काळी, बाईंना लाल. लिहिलेल्या कागदांचा बस्ता आठवडाभर एकाकडे, मग दुसऱ्याकडे. बाजाराच्या दिवशी तो सोडला की कोणी कोणाचं काय खोडलंय ते मला लांबूनच दिसायचं.

* * *

आजीला त्या पुस्तकात एकच वाक्य हवं होतं. ‘बाळंत होणाऱ्या बाईला एकटं ठेवू नका.’

तिची लेक पहिलटकरीण. माहेरी आलेली. आजी हट्टा गावाला दुसऱ्या कोणाची सुटका करायला गेली आणि इकडं घरचे सगळे रानात. गोठ्याशेजारच्या खोलीत पोरगी बाळंत होता होता एकटीच गेली.

दर बाजाराला आजी विचारायची, “माझं लिव्हलं का?”

डॉक्टर म्हणायचे, “आजी, ही काही दवा नाही.”

बुवा म्हणायचे, “शास्त्रात याला आधार सापडून नाही राहिला.”

मार्थाबाई म्हणायच्या, “हे तर सगळ्यांना माहीतच आहे, आजी.”

“माहीत हाय, तर करत काहून न्हाईत?” एवढंच बोलून आजी पानाला चुना लावायला लागायची.

* * *

डॉक्टरांनी लिहिलं, ‘कात्री वीस मिनिटं पाण्यात उकळावी.’

आजी म्हणाली, “घड्याळ कोणाच्या घरी हाय?”

प्रश्न बराबर होता. तेवढ्या वेळात किती भाकरी भाजून होतात, त्यावर वेळ मोजायची ठरली. डॉक्टर घरी जाऊन हातात घड्याळ घेऊन चुलीपुढं बसले. पुढच्या बाजारी मोठ्या आनंदानं म्हणाले, “आठ भाकरी!”

बुवांनीही आपल्या घरी मोजल्या होत्या. त्यांच्या सहाच झाल्या. कोणाची बायको प्रमाण मानायची यावर दुपार गेली. शेवटी मार्थाबाईंनी लाल शाईनं लिहिलं, ‘आठ भाकरी. जास्त उकळल्यानं कोणी मेलं नाही.’

आजी हळूच म्हणाली, “आठ भाकरीचं पीठ ज्या घरी हाय, तिथं निम्मी बाळंतीण तशीच बरी व्हती!”

* * *

पुस्तकावर पहिलं नाव कोणाचं, यावर महिनाभर अबोला होता. डॉक्टरांची पदवी मोठी, बुवांचं वय मोठं. मार्थाबाईंचं अक्षर सुंदर आणि निम्मं लिखाणही त्यांचंच.

एकदा मी सहज म्हणालो, “चूक निघाली तर वरचे साहेब पहिल्या नावालाच बोलावणार.”

लगेच डॉक्टर म्हणाले, “बुवा, तुम्ही बुजुर्ग. आधी तुम्ही.”

बुवा म्हणाले, “छे छे! स्त्रियांचा विषय. आधी बाई!”

* * *

सगळ्यात मोठं भांडण बाळंतिणीच्या जेवणावरनं. बुवांनी डिंकाचे लाडू लिहिले, डॉक्टरांनी दूध-भात. आवाज इतका चढला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. दोघंही उठून गेले.

बस्ता त्या आठवड्यात बुवांकडे, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेला. तिसऱ्या बाजारी सोडला. आपण फार बोललो असं वाटून बुवांनी लाडू खोडले होते. डॉक्टरांनी रागात बुवांचं लिखाण बघितलंच नव्हतं. मग पस्तावून त्यांनी आपला सगळा दूध-भात खोडला होता. पानावर ‘बाळंतिणीचा आहार’ एवढा मथळा उरला होता, बाकी काही न्हाई!

मार्थाबाईंनी तेवढंच वाचून दाखवलं. आजी वाट बघत राहिली. मग म्हणाली, “मंजी उपाशीच ठिवायची व्हय?”

दोघं इतके हसले की बुवांनी डॉक्टरांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

* * *

मार्थाबाईंची बदली झाली. त्यांच्या जाण्याआधी पुस्तक छापायला जायला हवं होतं. बस्ता शेवटचा तिघांकडून घाईघाईनं फिरला. कोणी कोणाचं वाचलं नाही. मीच तो बांधला आणि नांदेडच्या छापखान्याकडं निघालेल्या मोटारीत ठेवला.

आजी त्या दिवशीही आली होती. “माझं लिव्हलं का?” असं तिनं विचारलं नाही. मोटार गेली त्या रस्त्याकडं नुसती बघत राहिली. कडुनिंबाची फुलं तिच्या पदरावर पडत होती. ती झटकायचंही तिला सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी, मार्थाबाई निघायच्या आधीच्या बाजारी, बस्ता परत आला. सोबत छापखान्याची चिठ्ठी. ‘एकच वाक्य तीन ठिकाणी आलं आहे. कोणती दोन काढू?’

मी पानं उलटली. उकळत्या पाण्याच्या पानावर निळ्या शाईत. आहाराच्या पानावर काळ्या शाईत. आणि पहिल्या पानावर, तिघांच्या नावांच्याही वर, लाल शाईत.

मी चिठ्ठी आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. डॉक्टर चष्मा पुसायला लागले. बुवांनी विनाकारण ज्येष्ठमधाची बरणी उघडून आत बघितलं. मार्थाबाई रस्त्याकडं बघत होत्या.

चष्मा डोळ्यांवर चढवून डॉक्टर म्हणाले, “आजी, तुम्हीच सांगा. कोणतं ठेवायचं?”

आजीनं पान तोंडात टाकलं.

“तिन्ही राहू द्या, साहेब. पहिल्या दोन बारीला कोणी ऐकत न्हाई.”