एका बॅरनच्या घरी, दोन उपरणी घेऊन

जानेवारीत मी दुबईत, अल कुसैसला, भाच्याकडे राहिले होते. मॉल बघून झाले, उंच इमारती बघून झाल्या आणि कंटाळा यायला लागला, तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. ही माझी कॉलेजातली मैत्रीण. तरुणपणी एडवर्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरशी लग्न केलं आणि तेव्हापासून दोघं रास अल खैमाला राहतात.

"अगं विद्या, एडवर्डचा चुलतभाऊ गेला दोन महिन्यांपूर्वी. त्याला मूलबाळ नव्हतं. घराण्याची पदवी आता ह्याच्याकडे आलीये. बॅरन झालाय हा."

"म्हणजे तू लेडी?"

"हो. लेडी आत्ता कुकर घासतेय. ये ना दोन दिवस!"

लॉर्डाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? बर दुबई भागातल्या एका गल्लीतून जरीकाठाची दोन उपरणी घेतली. एक एडवर्डला, एक त्यांच्या मुलाला, रोहनला.

जाणाऱ्यांसाठी सांगते: कुसैसहून मेट्रोने युनियन स्टेशन, तिथून रास अल खैमाची बस. मेट्रोत बायकांचा डबा वेगळा आहे, तिथेच बसा. बसला तीसेक दिरहम, म्हणजे सातशे रुपये. स्वेटर हवाच. बाहेर ऊन असलं तरी बसमधला एसी हाडं गोठवतो. दीड-दोन तास वाळू, मग एकदम करडे, उघडे डोंगर.

बॅरनचं घर म्हणजे साधा बैठा बंगला. दारात तुळस, तिच्यावर दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी. इंग्लंडातला वाडाबिडा कधीच विकला गेलाय. उरलंय ते गावातलं चर्च, पूर्वजांच्या कबरी आणि पदवी.

जेवायला वरणभात आणि भाजलेला हमूर मासा. जेवण झाल्यावर मी एडवर्डच्या खांद्यावर उपरणं घातलं. दुसरं रोहनच्या खांद्यावर घातलं आणि म्हणाले, "हे आमच्या पुढच्या बॅरनला."

सुनंदा ताटं उचलायला लागली.

"नॉट मी, मावशी," रोहन हसत म्हणाला. "आय ॲम अडॉप्टेड, रिमेंबर?"

"मला सांगतोस? पुण्याच्या कोर्टात साक्षीदार म्हणून सही माझी आहे! आणि दत्तक आहेस म्हणूनच तर. दत्तक घेतात कशासाठी? आमच्याकडे अख्खी संस्थानं दत्तकांनी चालवली."

"आमच्यात रक्ताचाच लागतो," एडवर्ड हळूच म्हणाला. "रोहनला माझं आडनाव मिळतं, जे काही थोडंफार आहे ते मिळतं. पदवी मात्र कॅनडातल्या एका चुलत पुतण्याला जाणार. मी त्याला कधी बघितलेलंही नाही."

माझी चूक कळली. पण तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रोहनने आम्हाला गाडीतून जेबेल जैस डोंगरावर नेलं. रस्ता घाटाचा, पण आरशासारखा. वर बोचरा वारा होता. टपरीवर करक चहा मिळतो, घट्ट आणि गोड. तो घ्याच. सुनंदा आणि एडवर्ड कठड्यापाशी उभे होते.

"मावशी, बाबा तुमचं ऐकतील," रोहन म्हणाला. "पदवीच्या नोंदणीचा अर्ज महिनाभर टेबलावर पडलाय. सोबत वंशावळ जोडायची आहे, आणि तिच्यात माझं नाव येत नाही. म्हणून बाबा वोन्ट साइन. मी पाच वर्षांचा असल्यापासून ते मला त्या चर्चच्या गोष्टी सांगतायत. हे त्यांचं आहे. माझ्यामुळे अडायला नको."

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण त्यांनी सही नाही केली तर जास्त वाटेल."

संध्याकाळी मी एडवर्डला तेवढंच सांगितलं, जसंच्या तसं. सल्ला दिला नाही. तो उठून टेबलापाशी गेला. मग त्याने कागद काढले, सही केली आणि वंशावळ माझ्यापुढे सरकवली. "हिच्यावर घरातला नसलेला साक्षीदार लागतो, विद्या."

मी चष्मा लावून नीट वाचलं. एडवर्डच्या नावाखाली रिकामी जागा होती. तिथून रेघ वळून थेट कॅनडात गेली होती. सुनंदा दुसरीकडे बघत होती. पेन मला रोहननेच दिलं.

सकाळी तो बसस्टँडवर सोडायला आला, तो टी-शर्टवर उपरणं घालूनच. तिकीट तपासणारा म्हणाला, "क्या भाई, शादी है?"

"नहीं हबीबी, बाबा का प्रमोशन है."

पुण्यात येऊन आता तीन आठवडे झाले. रास अल खैमाला अवश्य जा, थंडीत जा आणि डोंगर सकाळी लवकर बघा. माझ्या डोळ्यांपुढे मात्र डोंगरापेक्षा ते टेबलच जास्त येतं. काल कपाटातून कोर्टाच्या त्या जुन्या कागदाची प्रत काढली. रोहनच्या नावाखाली माझी सही, ठसठशीत, शाई जरा फिकटलेली. तिचा फोटो काढून एडवर्डला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं: "वंशावळ लंडनला पाठवली. हा कागद फ्रेम करून भिंतीवर लावतोय. मूळ प्रत कुठे आहे?"

मूळ प्रत त्यांच्याच घरात आहे. सुनंदाला शोधायला सांगितलंय.