कमलबाईचं घर

आज सकाळी रझियाबी मेली. आता या वस्तीत माहं नाव कोणालेच माहीत नाही.

माहं नाव गिरजा.

महागाव सोडलं तवा पोरगं म्हणे, "आई, यवतमाळले नवीन लेआउटमध्ये फ्लॅट घेऊ."
मी म्हटलं, तिथं लोक दारं लावून बसते. मी मेली तर वासानं कळन.

म्हणून या जुन्या वस्तीत घर घेतलं. इकडं विहार, तिकडं मशीद, मागं बंजाऱ्याची घरं.

घर कमलबाईचं. ती वारली, मंग तिच्या पोरानं विकलं.

पहिल्याच दिवशी नळवाला ओरडला, "कमलबाई, पाणी आलं."
मी म्हटलं, "हो."
कोण समजावत बसते?

भिंतीवरून शेजारीण वाकली. रझियाबी.
"हो कायले म्हटलं? इथं घराचं नाव बाईले चिकटते. तुह्या आधीची बी कमल नव्हती. शेवंता होती. मी एकटीच म्हणत होती तिले शेवंता."

मी हसली.

दोन महिन्यांत सगळे कमल म्हणू लागले. विहारातल्या बाया, "कमल, वंदनेले ये." बंजाऱ्याची सून, "कमल याडी," याडी म्हणजे आई.
नेमप्लेट लावली. लोक वाचून विचारत, "कमलबाई, हे गिरजा कोण?"

मंग डावा गुडघा दुखू लागला. शेवंताचा बी डावाच दुखे म्हणते.
डॉक्टर म्हणे, वय झालं. उजव्याचं नाही झालं काय?

रझियाबी तेवढी रोज दुपारी भिंतीपाशी यायची.
"गिरजा, जिंदा है क्या?"
"तुह्या आधी नाही जात."
"नाम बोल."
"गिरजा."
"पूरा बोल."
मी नवऱ्याचं, सासरचं, सगळं म्हणायची. मंगच ती जेवाले जाये.
मले वाटे, म्हातारीले काम नाही.

आज तिच्या घरी मी बायांत बसली होती. नागपूरवरून तिची बहीण आली. माहा हात धरून म्हणे, "आप कौन?"

"कमल," मी म्हटलं. "बाजूची."

कोणी चमकलं नाही.
मी बी नाही. घरी येऊन चप्पल काढली, तवा कळलं.

उद्या दुपारी भिंतीपाशी उभी राहून पुरं नाव बोलून पाहीन. तिकडून विचारणारं कोणी नाही, तरी.

जाय रझियाबी, सुखानं जाय. माहा सलाम घे.