आपल्या जागेपर्यंत

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या सुखदेव वाहुळेला एरवी कधी राग यायचा नाही, पण गाणं चालू असताना कुणी बोललं की त्याचं डोकंच फिरायचं. ऐंशीच्या दशकातले ब्रिटिश पोस्ट-पंक रॉक बँड म्हणजे त्याचा जीव की प्राण. हे वेड लावलं औरंगाबादच्या होस्टेलवरच्या रूममेटनं, विवेकनं. तो उसन्या रेकॉर्डवरून कॅसेटी भरायचा. दोघांचा सगळ्यात लाडका अल्बम कॅसेटीत मावलाच नाही, आणि त्यातलं शेवटचं गाणं मध्येच तुटलं. पुढे इंटरनेटवर सगळं मिळू लागलं, तरी दोघं हट्टानं तेवढंच गुणगुणत राहिले.

लॉकडाऊनमध्ये सुखदेवनं त्या अल्बमची रेकॉर्ड मागवली. गाणं तुटायची जागा आली की तो प्लेअरची सुई उचलायचा.

"बाबा, अजून संपलं नाहीये," त्याची मुलगी संबोधी डचमध्ये म्हणायची.

"विवेकशिवाय पुढचं ऐकणार नाही," तो मराठीत खेकसायचा.

एकवीसच्या मे महिन्यात विवेक तीन आठवडे ऑक्सिजनवर होता. घरी आल्यावर त्यानं व्हिडिओ कॉल केला. आवाज पार खोल गेला होता. सुखदेव उठला, त्यानं रेकॉर्ड लावली आणि या वेळी सुई उचलली नाही. उरलेली दोन मिनिटं दोघांनी पहिल्यांदाच ऐकली.

"हॅट्," विवेक धापा टाकत म्हणाला, "यापेक्षा आपलंच बरं होतं रे."

सुखदेवनं चष्मा काढून पुसला.

"थांब, परत लावतो," तो म्हणाला. "आपल्या जागेपर्यंत."