शुक्रवारी शिव्या खाणारं गाव

फैजचा फोन आला तेव्हा मी वाटण काढत होते. फैज रत्नागिरीचा. इथे बहरीनमध्ये तुबलीच्या ज्या वर्कशॉपमध्ये मोहन भावजी पंपदुरुस्तीचं काम बघायचे, तिथलाच. "वहिनी, प्रकाशभाई फोन उचलत नाहीत... मोहनसाहेब गेले. खुर्चीत बसल्या बसल्या." मी मिक्सर बंद केला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता आणि त्यांच्यासाठी सुरमई आणून ठेवली होती, हे मला सगळ्यांत आधी आठवलं. त्याला आता दोन महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत, अशी रीत आहे. मी तीनदा बसले लिहायला... जमलं नाही. म्हणून जसं झालं तसं सांगते.

मोहन भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, प्रकाशचे, सांगलीच्या कॉलेजातले वर्गमित्र. अकरा वर्षांपूर्वी ते बहरीनला आले आणि तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी उम्म अल हस्सममधल्या आमच्या घरी जेवायला येत. त्याआधी बरीच वर्षं ते जपानमध्ये होते. एका जपानी बाईशी लग्न केलं होतं आणि तिच्याच गावात राहून ते रोज तासभर आगगाडीने शहरातल्या कारखान्यात जात. "ती सोडून गेली मला," एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. आम्ही पुन्हा विचारलं नाही. गावाबद्दल मात्र न विचारता बोलत. दुसऱ्यांदा भात वाढला की सुरुवात. "वहिनी, गाव कसलं, झोपायचं दुकान! सकाळी सातला सगळे कर्तेसवरते गाडीत कोंबून शहरात पाठवायचे आणि दिवसभर म्हाताऱ्यांनी पडद्याआडून बघत बसायचं. माझा कचरा परत दारात आणून ठेवायचे हो, चुकीच्या पिशवीत टाकला म्हणून!" भातखाचरं थेट घराच्या भिंतीला लागलेली, बेडकांच्या आवाजाने डोकं उठायचं, पाच वाजले की खांबावरच्या भोंग्यातून तेच ते रडकं गाणं, आणि परक्याशी एक शब्द बोलतील तर शपथ. मी त्या गावाचा मनापासून राग राग करायला लागले होते. आपल्या माणसाला इतकं एकटं पाडलं म्हणून.

मग ते गेल्यावर त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी कागदपत्रं काढली आणि सहज विचारलं, "बेटी को बताया?" प्रकाश म्हणाला, "किसकी बेटी?" इमर्जन्सी नंबर म्हणून फॉर्मवर एका मुलीचं नाव होतं. मीना. आणि नंबर जपानचा.

फोन मीच केला. एकोणीस वर्षांची मुलगी, सावकाश इंग्रजी बोलणारी. रडली नाही. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का? कारण बाबा म्हणायचे, तिथे त्यांचं ओळखीचं कोणीच नाही." नव्या वर्षाला ते फोन करत म्हणे. बहरीन म्हणजे नुसती वाळू, कोणी कोणाला विचारत नाही, सुट्टीच्या दिवशी एकट्याने डब्यातलं खातो, असं सांगत. अकरा वर्षांचे शुक्रवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. कोलंबीचं कालवण, वाटली डाळ, गौरीच्या वेळच्या घावनघाटल्यासाठी मुद्दाम थांबवून घेतलेलं त्यांचं ताट... ओळखीचं कोणीच नाही! त्या क्षणी ते समोर असते तर मी ताट उचलून घेतलं असतं.

मीनाने अस्थी मागितल्या. तिची आई या दिशेच्या विमानात बसायला तयार नव्हती, म्हणून व्हिसा मिळताच आम्हीच गेलो. गाव त्यांनी सांगितलं होतं तसंच निघालं, हे कबूल करायला हवं. दोन फलाटांचं स्टेशन, त्याच्यासमोर निम्मी शटर पाडलेली दुकानांची ओळ, मुलं नाहीत म्हणून बंद केलेली शाळा आणि सगळीकडे नुकतीच लावणी झालेली भाताची पाणथळ शेतं, अगदी दवाखान्याच्या पायरीपर्यंत. पाचला भोंगा वाजला. मला तो रडका वाटला नाही, पण आवडलाही नाही.

सेत्सुको, म्हणजे मीनाची आई, गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शाळा बंद झाल्यावर शेजारच्या गावात जाते. तिने अस्थींचं भांडं दोन्ही हातांनी घेतलं, आत ठेवलं आणि आम्हाला चहा दिला. शेजारचे एक आजोबा येऊन बसले होते. कचरा परत आणून ठेवणारे तेच! पिशवी त्यांनी एकदाच परत आणली होती, आणि सोबत एक तक्ता. मोहनला जपानी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून बाटली, माशाचे काटे, बॅटरी, सगळ्याची चित्रं स्वतः काढलेली. मग कितीतरी रविवार ते त्याच्या अंगणात बसून त्याला शिकवत होते. त्यांनी मीनामार्फत मला विचारलं, "तिथे तो नीट जेवत होता ना?"

"हो," मी म्हटलं. "पोटभर."

सेत्सुको पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली. मीना भाषांतर करत होती. "आई म्हणते, मी सात वर्षांची असताना एके दिवशी ते नेहमीच्या गाडीने गेले आणि संध्याकाळी आले नाहीत. चार दिवसांनी भारतातून फोन आला. भांडण नव्हतं, काही नव्हतं. ते का गेले, हे तुम्हाला सांगितलं असेल ना? म्हणून तर तुमची वाट बघत होतो."

इतक्या लांबून मी आले होते आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. काहीतरी गोड रचून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्या माणसासाठी आणखी एक खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "नाही. तुमचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त या गावाला नावं ठेवायचे. दर शुक्रवारी."

मीनाने सांगितलं. सेत्सुकोने दोनच शब्द विचारले. "दर शुक्रवारी?" मी मान हलवली. ती उठून कप विसळायला गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

संध्याकाळी मीना आम्हाला स्टेशनवर सोडायला आली. गाडीला वेळ होता. बाहेर सायकलींचा लांबलचक स्टँड होता. माणसं सकाळी घरून सायकलने येतात, इथे ठेवतात आणि गाडी पकडतात. एका उंच सीटच्या निळ्या सायकलपाशी ती थांबली. "बाबांची. त्या दिवशी इथेच ठेवून गेले होते." मडगार्डवर स्टँडच्या परवान्याचा यंदाचा स्टिकर होता. "तो नसला तर नगरपालिका सायकल उचलून नेते. आई दरवर्षी नवा चिकटवते."

"चालवतं कोण?"

"कोणीच नाही. आई रविवारी येऊन हवा भरते."

मी मोहन भावजींना क्षमा केलेली नाही. आजही करत नाही. वाकून मी पुढचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. टणक होता. तेवढ्यात शहराकडून येणारी गाडी आली, काळ्या कोटांतली माणसं भराभर उतरली, आपापल्या सायकली काढून शेतांमधल्या रस्त्यांनी पांगली... आणि स्टँडमध्ये ती निळी सायकल एकटी उभी राहिली.